पाय मोडलेला त

बडोद्यात आमचा एक लहानसा नाट्यवाचनाचा गट आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसं जमतात, चहा होतो आणि एखादं जुनं नाटक मराठी, गुजराती किंवा हिंदीतून वाचलं जातं. गेल्या वर्षी 'अभिज्ञानशाकुन्तला'चे चौथा आणि पाचवा हे दोन अंक घ्यायचं ठरलं आणि मराठी संहिता माझ्याकडे आली. जुनी मराठी भाषांतरं वाचनाला जड जात होती, म्हणून मी नव्यानं केली. दुसऱ्या तालमीत गौतमी वाचणाऱ्या बाई मध्येच थांबल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "ताई, मागच्या अंकात झाडांच्या वतीनं निरोप देतो तो पक्षी आणि आता राजा ज्याचं उदाहरण देऊन या पोरीला खोटं पाडतोय तो, हे दोन वेगळे का?"

वेगळे नव्हते. वेगळे मी केले होते. चौथ्या अंकात मी 'कोकीळ' लिहिलं होतं आणि पाचव्यात 'परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्षिणी'. अर्थ दोन्हीकडे बरोबर होता. पण मूळ संस्कृतात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, आणि तो मराठीत आणताना माझ्या हातून तुटला होता. हा लेख त्या शब्दाबद्दल आहे. शब्दामागे जे दोन पक्षी आहेत, त्यांच्याबद्दलही आहे, कारण पक्षी नीट पाहिल्याशिवाय शब्द कळत नाही, असं मला आता वाटतं.

आधी प्रसंग. चौथ्या अंकात शकुंतला आश्रमातून निघते. तपोवनातल्या झाडांकडे तिच्या जाण्याची परवानगी मागितली जाते, तेवढ्यात कुठूनसा कोकीळ बोलतो, आणि त्याचा आवाज हाच झाडांचा होकार असं धरलं जातं. इथे पक्ष्याचं नाव येतं 'परभृत'. दुसऱ्यानं पोसलेला. पाचव्या अंकात राजाला शाप बाधला आहे, अंगठी हरवली आहे, आणि पुरावा म्हणून शकुंतलेकडे फक्त एक आठवण उरली आहे. वेलींच्या मांडवात राजानं कमळाच्या पानातलं पाणी एका पाडसापुढे धरलं, पाडस त्याच्या हातून प्यायलं नाही, तिच्या हातून प्यायलं. राजा ऐकून घेतो आणि ही बायकांची गोड थाप आहे म्हणतो. गौतमी मध्ये पडते: ही तपोवनात वाढलेली मुलगी, हिला कपट ठाऊक नाही. त्यावर दुष्यंताचं उत्तर येतं ते पक्ष्यांचं. माद्यांना लबाडी शिकवावी लागत नाही, परभृता बघा, पिल्लं उडती होईपर्यंत दुसऱ्यांकडून पोसून घेतात, असा त्याचा आशय.

शकुंतलेनं साक्षीला आणलेलं ते पाडस कोण, हे प्रेक्षकाला आठवत असतं. चौथ्या अंकात निघताना तिच्या वस्त्राला मागून ओढणारं तेच असावं. जन्मताच आई गेलेलं, तिनं मूठमूठ धान्य भरवून वाढवलेलं. त्याच्यासाठी दोन्ही अंकांत शब्द आहे 'पुत्रकृतक', मुलगा मानलेला. म्हणजे ती आपली बाजू मांडते ती एका परक्या पिल्लाला वाढवल्याच्या आठवणीनं, आणि तो खोडून काढतो तेही परक्या पिल्लांच्याच उदाहरणानं. हा वाद दोन माणसांत चालला आहे तितकाच एका पाडसात आणि एका पक्ष्यात चालला आहे.

यात आणखी एक खोच आहे. राजा म्हणतो, 'दुसऱ्या द्विजांकडून'. द्विज म्हणजे पक्षी, कारण तो एकदा अंड्याच्या रूपात जन्मतो आणि एकदा अंड्यातून. द्विज म्हणजे ब्राह्मणही. मेनकेनं टाकलेली शकुंतला आधी शकुंत पक्ष्यांनी सांभाळली, म्हणून तिचं हे नाव, आणि मग कण्वांनी. दोन्ही अर्थांनी द्विजांनीच. ती स्वतः परभृता आहे. हा श्लेष मराठीत येत नाही. 'द्विज' म्हटल्यावर आज कुणाच्या डोळ्यांपुढे पक्षी उभा राहत नाही. तो मी सोडून दिला.

एक शंका मी स्वतःलाच विचारली. कोकिळाला संस्कृतात डझनभर नावं आहेत. परभृत, परपुष्ट, अन्यपुष्ट, पिक, वनप्रिय. कवीला वृत्तात बसेल ते नाव तो उचलतो. आपण 'रजनी' म्हणताना रंगाचा विचार करत नाही, तसंच चौथ्या अंकातलं 'परभृत' हे नुसतं नाव असेल, त्यात जन्मकथा शोधणं म्हणजे अनुवादकाची अतिहुशारी. शंका रास्त आहे. पण पाचव्या अंकातल्या श्लोकात कवी त्या शब्दाची व्युत्पत्तीच उलगडून मांडतो, 'परभृता'च्या शेजारी 'पोषयन्ति' हे क्रियापद ठेवतो. ज्याला एका अंकात शब्दाचं पोट दिसतं, त्याला आदल्या अंकात ते दिसलं नसेल, हे मला पटत नाही.

आता शब्दाचा दुसरा भाग. अमरकोशात कावळ्याची नावं एका ओळीनं दिली आहेत. त्यात 'आत्मघोष' आहे, स्वतःचं नाव स्वतःच ओरडणारा. 'सकृत्प्रज' आहे, एकदाच वीण असणारा. 'बलिपुष्ट' आहे, आपण टाकलेल्या काकबळीवर पोसलेला. आणि 'परभृत्' आहे, दुसऱ्याला पोसणारा. कोकीळ 'परभृत', कावळा 'परभृत्'. आमच्या शाळेतल्या बाईंच्या भाषेत सांगायचं, तर त चा पाय मोडला की कोकिळाचा कावळा होतो. पोसला गेलेला आणि पोसणारा यांच्यात एवढंच अंतर. त्यातही कावळा पुन्हा 'बलिपुष्ट', म्हणजे तोही कुणीतरी पोसलेलाच. कोशकारानं हे मुद्दाम केलेलं नाही. त्यानं नुसती नावं गोळा केली, आणि नावांनी आपापसांत हा हिशेब मांडला.

या शब्दाचं धातूघर मोठं आहे. 'भृ' म्हणजे वाहणं, धरणं, पोसणं. त्यातून भर्ता, भार्या, भृत्य. नवरा, बायको, नोकर, सगळे पोसण्याच्या नात्यानं ओळखले जाणारे. 'भरत'ही त्यातूनच, पण त्याकडे नंतर येते. 'परपुष्टा' या शब्दाचे मोनियर-विल्यम्स यांच्या कोशातले अर्थ पाहिले तर एकाच नोंदीत तीन भेटतात: कोकिळेची मादी, बांडगूळ आणि वेश्या. पक्षी, वनस्पती आणि बाई, तिघींवर एकच शिक्का. दुष्यंताच्या आधी शब्दकोशानंच निकाल देऊन ठेवला होता म्हणायचा.

पक्ष्यांचं काय? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर कडुलिंब आहे आणि त्यावर दर उन्हाळ्यात कावळ्यांचं घरटं असतं, काटक्यांचं, मधूनच एखादी तार गुंफलेलं. अनुवादाच्या निमित्तानं गेल्या वर्षी मी ते रोज पाहिलं. एप्रिल-मे महिन्यांत तिथे कोकिळेची मादी घिरट्या घालायची. तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके आणि पट्टे, नजरेत पटकन न भरणारी. कावळे तिला पाहिलं की हाकलत, अगदी रस्त्यापलीकडच्या गुलमोहरापर्यंत पाठलाग करून. जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आमच्या कुंपणाच्या भिंतीवर दोन पिल्लं बसलेली दिसली. एक कावळ्याचं. दुसरं ठिपकेदार. दोघंही चोच वासून ओरडत होती आणि एकच कावळा आळीपाळीनं दोघांना भरवत होता. आईला पिटाळून लावणारा आणि पिल्लाला भरवणारा, एकच.

कोकिळेचं अंडं रंगानं कावळ्याच्या अंड्यासारखं, पण लहान. ते साधारण बारा ते चौदा दिवसांत उबतं, कावळ्याचं सोळा ते वीस दिवस घेतं, म्हणून पाहुण्याला थोडी आघाडी मिळते. एकेका घरट्यात कोकिळेची एकाहून जास्त अंडीही सापडतात. नर कावळ्यांसमोर येऊन त्यांना आपल्या मागे लावतो आणि मादी तेवढ्यात अंडं घालून मोकळी होते, असं निरीक्षकांनी नोंदवलं आहे. इथवर दुष्यंताचं म्हणणं टिकतं. पण युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू जे करतं ते आपलं पिल्लू सहसा करत नाही. तिकडचं पिल्लू उघड्या अंगानं, मिटल्या डोळ्यांनी, घरट्यातली बाकीची अंडी आणि पिल्लं पाठीवर घेऊन बाहेर लोटतं. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनी हे १७८८ मध्ये लिहून छापलं तेव्हा अनेकांना ते खरंच वाटलं नाही. आपल्याकडे कावळ्याची पिल्लं आणि कोकिळेचं पिल्लू एकाच घरट्यात वाढू शकतात. कावळ्याच्या वाट्याचं अन्न कमी होतं, नुकसान होतंच, पण घर रिकामं होत नाही. शिवाय कोकिळेची मादी कधीमधी कावळ्याच्या घरट्यात जाऊन आपल्या पिल्लांना भरवतानाही पाहिली गेली आहे. टाकून गेली, असं तिच्याबद्दल सरसकट म्हणता येत नाही.

म्हणजे इंग्रजी कवितेतला किंवा नाटकातला 'कुक्कू' आणि आपला कोकीळ हे एकमेकांच्या जागी ठेवता येणारे पक्षी नाहीत. 'किंग लिअर'मधला विदूषक पोसलेल्या पिल्लानं पोसणारीचंच डोकं खाल्ल्याचं बोलतो, ते त्याच्या बेटावरच्या पक्ष्याला धरून आहे. फसवल्या गेलेल्या नवऱ्याला इंग्रजीत ज्या शब्दानं हिणवतात तोही त्याच पक्ष्याच्या नावावरून आला. आपण कोकिळाचं इंग्रजी करताना तो पक्षी बिनदिक्कत आणून बसवतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा खुनी स्वभावही आपल्या आमराईत येतो. मी स्वतः हे केलेलं आहे, एका मराठी कथेच्या इंग्रजी अनुवादात. संपादकांनाही खटकलं नाही.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का सांगते आहे, ते एकदाचं सांगून टाकते. मी चार वर्षांची असताना आई गेली आणि मी आत्याकडे वाढले. आत्याला तिची दोन मुलं होती, घर भाड्याचं, एकाचा पगार. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं कुणीही म्हणावं अशीच ती वेळ होती. एका मुंजीत पंगतीला बसलो असताना मागच्या रांगेतून आवाज आला, "कोकिळेचं पिल्लू गं, काय कळतं तिला बिचारीला." मी आठ-नऊ वर्षांची असेन. कित्येक वर्षं मला वाटत होतं, ते बोलणं मला होतं. तालमीत त्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की 'बिचारी' मी नव्हते. बिचारी आत्या होती. टोमणा तिला होता: हिला आपलं-परकं कळत नाही.

या उपमेला दोन टोकं आहेत आणि आपण नेहमी एकच पाहतो. कोकिळेला लबाड म्हटलं, की कावळा आपोआप मूर्ख ठरतो. दुष्यंत शकुंतलेचा अपमान करतो, तिच्या आईचा करतो, हे टीकाकारांनी सांगितलं आहे. पण त्याच वाक्यात तो कण्वांना फसलेला कावळा म्हणतो आहे. आणि समोर उभ्या असलेल्या गौतमीला. मूळ नाटकात या श्लोकानंतर गौतमीला उत्तर नाही. शकुंतला संतापते, त्याला 'अनार्य' म्हणते, गवतानं झाकलेल्या विहिरीची उपमा देते. गौतमी मात्र गप्प. मी ते गप्प राहणं म्हातारीची हतबलता म्हणून वाचत आले होते. आता वाटतं, तिला काय बोलायचं होतं? मी मूर्ख नाही, असं? ते कसं सांगतात?

कावळाही मूर्ख नाही, हे जाता जाता. अंडी इतकी सारखी असतील, तर परकं समजून फेकलेलं अंडं आपलंही असू शकतं. चोच वासलेल्या प्रत्येकाला भरवणं हा चुकीचा हिशेब आहे, पण न भरवण्यातली चूक त्याहून महाग पडू शकते.

ही गोष्ट कालिदासाच्या आधी दुसऱ्या ठिकाणी सांगितली गेली आहे, आणि तिथे निसर्गाची उदाहरणं राजा देत नाही, शकुंतला देते. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला मुलाला घेऊन दरबारात उभी राहते आणि लांबलचक युक्तिवाद करते. मुंग्यासुद्धा आपली अंडी वाहतात, फोडत नाहीत, मग धर्म जाणणारा तू आपल्या मुलाला का पोसत नाहीस, असं ती विचारते. वाहणं आणि पोसणं दोन्हींसाठी तिथे 'भृ' हाच धातू आहे. महाभारताच्या दक्षिणेकडच्या पाठपरंपरेत तर ती आणखी पुढे जाते आणि कावळ्या-कोकिळाचंच उदाहरण घेते: आपलीच अंडी समजून कावळे कोकिळांनाही वाढवतात, तू तर सर्वज्ञ म्हणवतोस. तोच पक्षी, तोच दरबार, तोच वाद. फक्त बोलणारं तोंड बदललं की तेच घरटं एकदा माणुसकीचा दाखला होतं आणि एकदा लबाडीचा. कालिदासानं तिच्या हातातलं हत्यार काढून राजाच्या हातात दिलं, असं मला वाटतं. रोमिला थापर यांनी १९९९ च्या 'शकुंतला' या पुस्तकात महाभारतातली ठाम शकुंतला आणि नाटकातली कोवळी शकुंतला यांच्यातलं अंतर तपशिलानं दाखवलं आहे. कोण कुठल्या प्राण्याचं उदाहरण देतं, हे त्या अंतराचं एक माप म्हणून वापरता येईल.

यादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना आम्हाला रवींद्रनाथांचा शकुंतलेवरचा निबंध होता, 'टेम्पेस्ट'शी तुलना करणारा. तिथे निसर्गावर सत्ता चालते, इथे तपोवन हे नाटकातलं एक पात्रच आहे, हा त्यांचा मुद्दा. मी तेव्हा भारावून गेले होते, आणि चौथ्या अंकापुरता तो मुद्दा आजही मला मान्य आहे. पण पाचव्या अंकात तपोवन राजधानीत येतं आणि तिथे त्याचा उपयोग आरोपपत्रासारखा होतो, हे त्या वाचनात मावत नाही. निसर्ग नाटकात पात्र असेल तर ते फितवता येणारं पात्र आहे. (किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा ३१ ऑक्टोबर १८८० चा पहिला प्रयोग पहिल्या चारच अंकांचा होता. पुण्याच्या प्रेक्षकांना त्या रात्री कोकिळाचा फक्त निरोप मिळाला, टोमणा मिळाला नाही. मराठी मनात चौथा अंक इतका का रुतून बसला आहे, याला हेही एक कारण असेल काय, असा एक चावट विचार मनात येतो.)

आता गाण्याचा प्रश्न. 'कुहू' घालतो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादीचा आवाज तुटक आणि कर्कश. संस्कृत कवींना हे पक्कं ठाऊक होतं. याच नाटकाच्या सहाव्या अंकात वसंत आला असूनही कोकिळांचे आवाज गळ्यातच अडकले आहेत असं वर्णन येतं आणि तिथे शब्द आहे 'पुंस्कोकिल', नर कोकीळ. आपल्याकडे मात्र कोकिळा गाते. हिंदी आणि गुजराती कोयलही स्त्रीलिंगी. गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो. तमिळमध्ये सुब्रमण्य भारतींच्या 'कुयिल पाट्टू'त गाणारी कुयिल मादीच आहे आणि ती प्रेमाच्या आणाभाका एकाहून अधिक जणांना देते. बंगालीत व्याकरणाला लिंग नसल्यानं 'कोकिल' म्हणताना ही पंचाईतच येत नाही. आधुनिक भाषांनी गाणं बाईच्या पदरात टाकलं आणि घरटं न बांधण्याचा दोषही. नर या सगळ्यातून सुटला, खरं तर कावळ्यांना हुलकावणी देण्यात तो बरोबरीचा भागीदार.

आणि चातक? पावसाच्या थेंबाखेरीज पाणी न पिणारा, निष्ठेचा पुतळा, संतांपासून भावगीतांपर्यंत सगळ्यांचा लाडका. तोही कोकिळाच्याच कुळातला आणि तोही आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालतो, बहुतेक सातभाईंच्या. त्याची अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखीच निळी असतात. आपला 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशाही सातभाईंच्याच जिवावर. या दोघांना कुणी 'परभृत' म्हटलेलं नाही, कुणी टोमण्यात वापरलेलं नाही. सातभाईंचं घरटं झुडपात, कावळ्याचं अंगणात, एवढाच फरक असावा. जे आपल्या डोळ्यांसमोर घडलं त्याचं आपण नीतिशास्त्र केलं. उरलेल्यांचं काव्य झालं.

परजीवी, यजमान, सहजीवन हे शास्त्राचे मराठी शब्दही असेच घरातून आलेले. यजमान म्हणजे यज्ञाचा खर्च करणारा, आणि आमच्या आजीच्या तोंडी नवरा. सहजीवन तर लग्नपत्रिकेतलं. शास्त्रज्ञ हे शब्द मोजून-मापून वापरतात, तरी पक्षी त्यांच्या चौकटीत बसून राहत नाहीत. उत्तर स्पेनमधल्या कावळ्यांच्या घरट्यांत कोकिळाच्या कुळातलाच एक ठिपकेदार पक्षी अंडी घालतो. दानिएला कानेस्त्रारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं ही घरटी पाहिली आणि २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. पाहुण्याचं पिल्लू त्रास झाला की अत्यंत दुर्गंधी द्रव सोडतं आणि शिकारी प्राणी घरट्यापासून दूर राहतात. जिथे शिकाऱ्यांचा उपद्रव जास्त तिथे पाहुणा असलेलं घरटं कावळ्याला फायद्याचं पडतं, जिथे कमी तिथे तोट्याचं. एकाच दोन पक्ष्यांच्या नात्याला एका वर्षी परजीविता म्हणावं लागतं आणि पुढच्या वर्षी परस्परसाह्य. आपल्या कोकिळा-कावळ्यांतही असंच चालतं असा माझा दावा नाही. पण यजमानाचं नुकसान किती, हे वाक्याच्या आधी ठरलेलं नसतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मी यजमानाऐवजी 'पोशिंदा' घेतला. 'पोसणे' आणि 'पोषयन्ति' एकाच घरातले, हा लोभ होताच. मुख्य म्हणजे पोशिंद्याला कुणी मूर्ख म्हणत नाही. मग चौथ्या अंकात लिहिलं, 'दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ' बोलला आणि झाडांनी हो म्हटलं. पाचव्या अंकात राजाच्या तोंडी 'दुसऱ्याच्या घरट्यात' हेच शब्द पुन्हा आले, आणि पिल्लं पोसणाऱ्यांना तो पोशिंदे म्हणतो. किंमत मोजावी लागली. कालिदासाचा एक चपळ शब्द मराठीत तीन शब्दांचा झाला आणि निरोपाच्या ओळीत एक खडा आला. एका जाणकार मित्राचं म्हणणं पडलं, की मी चौथ्या अंकात पाचव्याची चाहूल देऊन रसभंग केला. असेल. मला ती चाहूल हवी होती.

वाचनाच्या दिवशी राजाचं वाक्य झालं आणि सगळ्यांनी वर पाहिलं. गौतमी वाचणाऱ्या बाईंनी संहिता मिटून मांडीवर ठेवली आणि शकुंतलेकडे बघत राहिल्या, तिचं बोलणं संपेपर्यंत. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. चहाच्या वेळी त्यांनीच विचारलं, "मग सातवा कधी?"

सातवा अवघड आहे. तिथे दुष्यंताला मारीचांच्या आश्रमात एक मुलगा भेटतो, सिंहिणीच्या छाव्याशी झोंबणारा. बापाविना, परक्या आश्रमात, तापसींच्या हाताखाली वाढलेला. उडती होईपर्यंत पिल्लं दुसऱ्यांकडून पोसून घेतात, असं जो म्हणाला होता त्याचंच पिल्लू. राजाला आपलं वाक्य आठवतं की नाही, ते कालिदास सांगत नाही. मारीच मात्र मुलाचं पुढचं नाव सांगतात आणि कारणही: जगाचं भरण करील म्हणून भरत. तोच 'भृ'. महाभारतातही नाव त्यावरूनच पडतं, तिथे आकाशवाणी बापाला मुलाचं भरण कर म्हणून बजावते. मराठीत 'भरत' ऐकून कुणाला पोसणं आठवत नाही. इथे बडोद्यात गुजराती वर्तमानपत्रांत मात्र 'भरणपोषण' हा शब्द येत असतो, घटस्फोटाच्या बातम्यांत. आपण त्याला पोटगी म्हणतो. 'भरत' या नावापाशी यातलं काय ठेवायचं, ते अजून ठरत नाही. पानावर सध्या तिथे मोकळी जागा आहे आणि समासात पेन्सिलीनं एक त लिहिलेला आहे, पाय न मोडलेला.